चावडीवर टाक

सरांना फोन लावणं सोपं होतं, बोलणं अवघड. "सर, एक छोटीशी शंका होती..." एवढं तुमच्या तोंडातून जायचा अवकाश, पलीकडून आवाज यायचा, "चावडीवर टाक!" आणि फोन बंद. मग तुम्ही विद्यार्थी असा, प्राचार्य असा, नाहीतर सरांचे सख्खे साडू असा. साडूंनी तर एकदा पोरीच्या मंगनीची तारीख ठरवायला फोन केला होता. बोलता बोलता बिचाऱ्यांच्या तोंडून "एक शंका आहे" असं निघून गेलं. झालं! ईदेपर्यंत दोन्ही घरांची बोलचाल बंद.

लातूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मूळचे नांदेडचे, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मी त्यांच्याच विभागात नवीन लागले होते, त्यामुळं त्यांचं कौतुक आणि त्यांचा ताप दोन्ही मला घरपोच मिळालं. उंच, वाळका माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वायरी. खाली वाकले की खिशात काहीतरी दाबलं जायचं आणि "पीं" असा आवाज यायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये हे झालं की पोरं आनंदानं माना वर करायची आणि शेजारच्याच्या पेपरात बघून घ्यायची.

आता चावडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भलतीकडंच निघाली. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिप. वॉशिंग मशिनमध्ये, लिफ्टमध्ये, वरातीतल्या दिव्यांच्या माळेत तीच बसलेली असते. तिला 'हे कर, ते करू नको' सांगायला भाषा लागते. अशा भाषा पुष्कळ आहेत, पण सरांचा जीव जडला होता तो जगात फारसं कुणी विचारत नसलेल्या एका भाषेवर. परदेशातल्या चार हौशी लोकांनी ती लिहून इंटरनेटवर मोकळी सोडली होती. कुणीही वापरा, उघडून बघा, मोडा, सुधारा, कुणाला विचारायचं काम नाही. तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही शोधून काढाल आणि आमची भांडणं वाचत बसाल. या भाषेची इंटरनेटवर एक जागा होती, जिथं वापरणारे लोक अडचणी मांडायचे आणि बाकीचे उत्तरं द्यायचे. सर तिला चावडी म्हणायचे.

सरांचं एकच म्हणणं, मराठवाड्यात या भाषेचे वापरकर्ते वाढले पाहिजेत. कशासाठी? हे विचारायची सोय नव्हती. एकदा प्राचार्यांनी विचारलं, तर सर म्हणाले, "तुम्ही मराठी कशासाठी बोलता?" प्राचार्य चहा प्यायला निघून गेले.

सुट्टी आली की सर एसटी धरून निघायचे. माझं माहेर मुखेडचं, म्हणून पहिल्यांदा मला सोबत नेलं. बाजाराचा दिवस. एका बाजूला वाळल्या मिरचीचे ढीग, दुसऱ्या बाजूला बांगड्या, आणि मधी सर एका खोक्यावर ती चिप बसवलेला बोर्ड, बल्ब आणि भोंगा मांडून उभे. हात पुढं नेला की बल्ब पेटायचा. बायाबापड्या बघून पुढं जायच्या. एक म्हातारबाबा मात्र थांबला.

"ह्याचं काय करायचं असतंय?"

"तुमची काय अडचण आहे ते सांगा, बाबा."

"गुडघे लई दुखून राहिले."

"ते न्हाई जमत. दुसरी सांगा."

"सून बोलत न्हाई."

"तिसरी!" सर म्हणाले. मी मिरच्यांच्या ढिगामागं जाऊन हसून घेतलं.

त्या दिवसाची कमाई म्हणजे एक वापरकर्ता, मुखेडचाच मोबाईल दुरुस्तीवाला. तो आला कुतूहलानं आणि सरांच्या पायाच पडला. सर हबकून मागं सरकले ते बांगड्यांवर. पुढं हा मोबाईलवाला सरांचा एवढा भक्त झाला की दुकानात देवाच्या शेजारी सरांचा फोटो लावला. सरांना हे कळलं तेव्हा ते तिथल्या तिथं म्हणाले, "काढ तो! मी मेलो का?"

नायगावच्या एका लग्नात सरांनी नवरदेवाला आहेर म्हणून बोर्ड दिला आणि स्टेजवरच विचारलं, "हात कधी लावणार याला? तारीख सांग." नवरीचा मामा मधी पडला.

त्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुपही काढला होता, लोकांना चावडीचा रस्ता दाखवायला. त्यात 'शुभ सकाळ' टाकलं की माणूस बाहेर. प्राचार्य गेले, डीनसाहेब गेले, वाढदिवसाचा केक टाकणारा मोबाईलवाला गेला आणि रडून परत आला. सरांची वापरकर्त्याची व्याख्या ठरलेली होती. "अडचण आली तो वापरकर्ता. ज्याला अडचणच आली न्हाई त्यानं बोर्डाचा डबाच उघडला न्हाई." आणि अडचण आली की ती मांडायची चावडीवर, चारचौघांत. "फोनवर सांगितलं तर तुला एकट्याला कळंल. तिथं लिहिलं तर ज्याला पुढच्या वर्षी हीच अडचण येणार हाय त्याला बी सापडंल." बोलणं किती बरोबर होतं! पण आमचे लोक! चारचौघांत प्रश्न विचारायचा म्हणजे आपल्याला येत नाही हे गावाला सांगायचं. त्यात ती चावडी इंग्रजी. वर्गात सर "काही शंका?" म्हणाले की सगळे माना खाली घालतात आणि तास सुटल्यावर एकेक जण जिन्यात गाठतो, तीच पोरं मोठी होऊन वापरकर्ते झाली होती.

आणि खरं सांगायचं तर सरांच्यातही एक खोट होती. फोन ते कट करायचे खरे, पण त्यांना चैन पडायचं नाही. खोलीभर फिरायचे. मग स्वतःच फोन लावायचे, "वायर उलटी लावलीस का? बघ." झालं काम. कशाला कोण जातंय चावडीवर! सगळ्या मराठवाड्याला कळून चुकलं होतं की सरांना फोन करायचा, शिव्या खायच्या आणि थोडं थांबायचं. बाहेरच्या जगाला मात्र चावडीवर लातूर-नांदेडकडचा एकच माणूस दिसायचा, तो म्हणजे सर.

या सगळ्या खटाटोपाला खरं यश दिलं ते लातूरच्या नळानं. आमच्याकडं नळ न सांगता येणाऱ्या पाहुण्यासारखा येतो. कधी येईल त्याचा नेम नाही, आणि आला की हातातलं टाकून हंडे-कळशा घेऊन पळायचं. सरांनी नळाच्या पाईपात एक छोटी चक्री बसवली. पाणी आलं की चक्री फिरणार, चक्री फिरली की बोर्डाला कळणार, बोर्डाला कळलं की भोंगा बोंबलणार. प्रोग्रॅम सरांचा, भाषा सरांची लाडकी, आणि बोर्ड सगळ्यात स्वस्तातला. तो भोंगा असा पसरला म्हणून सांगू! लातूरच्या गल्ल्यांत, मुखेडला, जळकोटला, उदगीरला. माझ्या घरी होता, प्राचार्यांच्या घरी होता. सर गल्लीतून जाताना भोंगा ऐकला की थांबायचे आणि एखाद्यानं सनई ऐकावी तसं तोंड करायचे.

"कसा चालू हाय?" ते विचारायचे.

"एक नंबर, सर!" लोक म्हणायचे.

आणि मग बातमी आली. भाषा सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींनी चावडीवर जाहीर केलं की हा स्वस्तातला बोर्ड फारसं कुणी वापरताना दिसत नाही, तेव्हा पुढच्या आवृत्तीपासून तो बंद. म्हणजे नवी भाषा त्यावर चालणार नाही. म्हणजे आमची प्रयोगशाळा, भोंगे, बाजारातला तो खोका, सगळं जागच्या जागी अडकून पडणार. महागातले बोर्ड घेणार कोण? सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"कुणी वापरत न्हाई म्हणे, मॅडम. कुणी वापरत न्हाई!"

त्यांनी ग्रुपवर आवाहन केलं, की सगळ्यांनी चावडीवर जा, आपण आहोत हे दिसू द्या. अहो, लोक गेले ना! सरांचा शब्द खाली पडू देतील काय? मुखेडच्या मोबाईलवाल्यानं पुढाकार घेतला, एक नमुना तयार केला, गूगलकडून इंग्रजी करून घेतला आणि सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी तो जसाच्या तसा चिकटवला. आदरणीय सरांच्या मौलिक मार्गदर्शनाखाली सर्व काही सुरळीत चालू आहे, कोणतीही अडचण नाही, सरांना उदंड आयुष्य लाभो. एकाच दिवसात चावडी भरून गेली. उदगीरच्या एकानं तर 'येथे आपले नाव टाकावे' हेही तसंच ठेवलं होतं. कुणीतरी खाली हार घातलेला सरांचा फोटो टाकला. माणूस जिवंत असल्याचा पुरावा द्यायला आम्ही त्याच्या फोटोला हार घातला. कप्पाळ आमचं!

परदेशी मंडळी सभ्य होती. त्यांनी लिहिलं, की ही सगळी खाती एकाच माणसानं काढलेली दिसतात, त्यामुळं ही चर्चा बंद करतोय. आणि खाली एक वाक्य होतं, की इतके लोक खरंच बोर्ड वापरत असतील, तर त्यांच्यातल्या एकालाही कधी काही अडचण आलेली नाही हे कसं?

सर त्या दिवशी चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी प्रयोगशाळेत गेले तर स्टुलावर बसून होते. म्हणाले, "मला खोटारडा म्हणले, मॅडम. सारी जिंदगी गेली, पण असं कुणी म्हणलं न्हवतं." खोटारडे ते नव्हते, आणि बाकीच्यांनी तरी खोटं कुठं दुष्टपणानं लिहिलं होतं? प्रेमानंच घात केला होता. मला त्या मोबाईलवाल्याचा असा राग आला होता की माहेरी जाऊन त्याच्या दुकानापुढं तोंडसुख घ्यावं.

सरांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरचा पाढे म्हणायला लागायचा. एका दुपारी चावडीवर एक नवीन मजकूर दिसला, चक्क मराठीत. चावडीवर मराठी अक्षर उमटण्याची ती पहिलीच वेळ. भाभींनी लिहिलं होतं:

"भोंगा हवेवर वाजतो. नळात आधी हवा येते, तिनं चक्री फिरते, आणि मी भांडी घेऊन पळते. पाणी येत नाही. कधी तासानं येतं, कधी येतच नाही. प्रोग्रॅम लिहिणारे माझ्याच घरात राहतात. त्यांना तोंडी सांगितलं तर चावडीवर टाक म्हणतात. म्हणून टाकलं आहे. उपाय सुचवावा."

खरंच होतं! आमच्याकडं पाईप रिकामे असतात, नळ सुटला की आधी नुसता फुसफुसाट येतो. लातूरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. फक्त सरांना माहीत नव्हतं, कारण घरात पाणी भरायच्या भाभी, आणि सर पाणी आल्याचं फक्त ऐकायचे. बाहेरच्या सगळ्यांचे फोन झेलायचे, उलट फोनही लावायचे, पण घरात मात्र नियम म्हणजे नियम.

त्या मजकुराखाली संध्याकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग हळूच मोबाईलवाला आला. "हाव. आमच्याकडं बी तसंच होतंय. माय कळशी घेऊन पळती आन् मलाच शिव्या देती." त्याच्या मागून उदगीरचा आला, तो म्हणाला मी तर वायरच काढून ठेवली आहे. प्राचार्य आले, त्यांच्याकडं ऐन सत्यनारायणाच्या पूजेत भोंगा वाजला होता आणि भटजीच आधी पळाले होते. नांदेडचे लोक घुसले, "तुमच्याकडं पाणी कुठं येतंय, हवाच येती. भोंगा बरोबर हाय, गावच चुकलंय." त्यावर लातूरकरांचं पित्त खवळलं. जळकोटला दिलेली आमची एक जुनी विद्यार्थिनी, आता नवऱ्याबरोबर साड्यांचं दुकान चालवते, वर्गात जिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, तिनं लिहिलं की चक्रीच्या भरवशावर राहू नका, पाईपात दोन वायरींची टोकं सोडा, पाणी लागलं तरच वीज वाहते. मोबाईलवाला म्हणाला, वायरींवर क्षार बसतात. ती म्हणाली, मग घासा. तो म्हणाला, तू येतीस का घासायला? सगळं मराठीत, सगळं चारचौघांत. परदेशी मंडळी ते मशिनकडून भाषांतर करून वाचत होती आणि मधूनमधून विचारत होती की भटजी म्हणजे काय.

त्या भांडणातूनच निघालं की दोष नुसता सरांच्या प्रोग्रॅमचा नव्हता. त्या बोर्डावर चक्रीचे फेरे मोजताना भाषाच चुकत होती, एका फेऱ्याचे दोन धरत होती. म्हणून जराशा हवेलाही भोंगा वाजायचा. परदेशातल्या प्रमुख बाईंनी ते कबूल केलं, दुरुस्त केलं, आणि लिहिलं की ज्या बोर्डावरून लोक इतकं भांडतात तो बंद करता येणार नाही. बोर्ड राहिला!

मी धावत प्रयोगशाळेत गेले. वाटलं, सर नाचत असतील. ते मोबाईलवर एकेक मजकूर वाचत होते, पहिल्यापासून. डोळे लाल.

"सर, जिंकलो की आपण!"

"किती दिवस पळून राहिले हे लोक, मॅडम. म्हाताऱ्या बाया कळश्या घेऊन पळून राहिल्या. आन् मी विचारलं की म्हणायचे, एक नंबर, सर." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "माझी एवढी भीती वाटते?"

"भीती नाही, सर. मान ठेवतात."

"चुलीत घाला तो मान!" सर ओरडले. मग हळू म्हणाले, "मी समजत होतो वापरकर्ते करून राहिलो. मी मुरीद करून ठेवले होते, पीराच्या पाया पडणारे."

त्यांनी चावडीवर जाऊन लिहिलं, मराठीतच. की प्रोग्रॅम माझा, चूक माझी, ज्यांना विनाकारण पळावं लागलं त्यांची माफी मागतो, माझ्या बायकोची सगळ्यात आधी. एवढं लिहायचा अवकाश, घरी लोकांची रीघ लागली. मुखेडहून मोबाईलवाला पहिल्या गाडीनं आला. लोक बैठकीत सतरंजीवर मान खाली घालून बसायचे, "मनाला लावून घेऊ नका, सर" म्हणायचे आणि चहा पिऊन उठायचे. मयताला भेटायला आल्यासारखं! भाभी चहा करून करून वैतागल्या. शेवटी सरांचा संयम सुटला. "अरे कायकू आते बावा! मैं हार्‍या नै! बोर्ड बचा है, जाव, काम करो!"

त्यानंतर सरांनी उलट फोन लावणं खरंच सोडलं, आणि चावडीवरही आधी दुसऱ्यांना उत्तर देऊ द्यायचं ठरवलं. ते किती जड गेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. डब्याची सुट्टी होती. कुठल्याशा डोंगराळ देशातल्या एका अनोळखी माणसानं चावडीवर लिहिलं होतं, की आमच्याही गावात पाणी रोज येत नाही, तुमचा भोंगा बसवलाय पण तो गप्पच आहे. सरांनी वाचलं, त्यांना उत्तर लगेच सुचलं, अंगठे चालायला लागले. तेवढ्यात मुखेडच्या मोबाईलवाल्यानं उत्तर टाकलं. चुकीचं. साफ चुकीचं, मलाही कळत होतं. सरांनी कपाळावर हात मारला, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग मोबाईल पालथा घातला आणि त्यावर जेवणाचा डबा ठेवला. भाकरी हातात तशीच. खिडकीबाहेर बघत नुसते गुडघा हलवत बसले. मला म्हणाले, "तुम्ही बी लिहू नका, मॅडम. कसम आहे."

बराच वेळ गेला. तासाची घंटा झाली तरी माणूस उठेना. शेवटी मीच माझ्या मोबाईलवर बघितलं. जळकोटवालीनं मोबाईलवाल्याचं उत्तर खोडून काढलं होतं, वायर कुठं लावायची त्याचा फोटो टाकला होता. मोबाईलवाल्यानं लिहिलं होतं, "बरोबर हाय ताई, माझं चुकलं." आणि त्या डोंगरातल्या माणसानं भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. मी मोबाईल सरांपुढं केला.

दुसऱ्या दिवशी सर पेढ्यांचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आले. प्राचार्यांनी विचारलं, "काय हो, नातू झाला का?"

"न्हाई. मुखेडच्यानं चुकीचं उत्तर दिलं, जळकोटच्या पोरीनं ते खोडलं. मी गप्प बसलो."

कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांनी दोन-दोन पेढे उचलले. सर माझ्यापाशी आले तेव्हा मला एकदम रडूच आलं, आणि इतक्या लोकांत रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. सरांनी डबा पुढं धरला. "घ्या, मॅडम. आज सकाळपासून एक बी फोन न्हाई."